दंगलीच्या दिवशी कॅज्युअल्टीत या चुका टाळा

बाहेर दगडफेक सुरू झाली की कॅज्युअल्टीतल्या नव्या पोरांचे हात शिवशिवायला लागतात. उत्साहाबद्दल तक्रार नाही. पण दर वेळी त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे अश्रुधुराचा रुग्ण थेट आत घेणं. अश्रुधूर हा नुसता वायू नसतो, ती अतिसूक्ष्म भुकटी असते. कपड्यांत आणि केसांत बसते. एकदा एका इंटर्नने कळवळून अशा चौघांना ड्रेसिंग रूममध्ये नेलं. दार बंद, एसी चालू. थोड्याच वेळात टाके घालणारा डॉक्टर खोकत बाहेर, सिस्टरांच्या डोळ्यांतून धारा, आणि अर्धे टाके पडलेला माणूस टेबलावर एकटा. खोलीतली हवा निवळेपर्यंत बाकीचे जखमी पॅसेजमध्ये तपासावे लागले. इंटर्नचं म्हणणं, ‘सर, वेळ वाचवत होतो.’

मी दाराबाहेरच उभं करतो, वाऱ्याकडे तोंड करून. वरचे कपडे काढून पिशवीत बांधायचे. टी-शर्ट डोक्यावरून ओढण्यापेक्षा सरळ कापलेला बरा. कॉन्टॅक्ट लेन्स काढायला लावायच्या. डोळे साध्या पाण्याने किंवा सलाईनने 10 ते 15 मिनिटं धुवायचे. दम्याच्या रुग्णाला रांग नाही, पण कपडे त्याचेही आधी उतरवायचे. दूध, टूथपेस्ट वगैरे मोबाइलवरचे उपाय सांगणाऱ्याला मी पाण्याच्या बादल्या भरायला पाठवतो. दूध निर्जंतुक नसतं, एवढं तरी कळायला हवं.

दुसरी चूक: जो ओरडतो त्याच्याकडे धावणं. चालत येणारे आधी पोचतात आणि खाटा अडवतात, गंभीर जखमी मागून स्ट्रेचरवर येतात. म्हणून दारात सगळ्यात अनुभवी माणूस हवा, आणि त्याने उपचाराला हात लावायचा नाही. फक्त रंगाची पट्टी ठरवायची: लाल म्हणजे लगेच उपचार, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल, हिरवा म्हणजे किरकोळ, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला. हे काम कमीपणाचं वाटून नवशिक्याच्या गळ्यात मारणारे वरिष्ठही पाहिलेत. शिवाय एकदा रंग दिला म्हणजे संपलं नाही. पोटात लाथ बसलेला, गप्प बसून राहिलेला हिरव्या पट्टीचा माणूस तासाभरात लाल होऊ शकतो. प्लीहा फाटली तरी सुरुवातीला बीपी ठीक लागतो. फेरी मारून पुन्हा तपासा.

टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, जखमेच्या 5 ते 7 सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही. लावल्याची वेळ लिहा आणि ‘रक्त खेळू दे’ म्हणून मध्येच सैल करू नका.

गॉझ दाबून धरलाय ना? मग दर मिनिटाला उचलून बघू नका.

डोळ्यात छर्रा लागला असेल तर पॅड दाबून बांधू नका. कागदी कप डोळ्यावर पालथा ठेवून चिकटवा.

कोण कुठल्या गटाचा, हे विचारू नका आणि केसपेपरवर लिहू नका. फोटो तर नाहीच. दोन्हीकडचे नातेवाईक एकाच पॅसेजमध्ये बसवलेत, तर पुढची मारामारी तुमच्या दारात होईल.

अँब्युलन्स उभी करताना तोंड परतीच्या रस्त्याकडे, आणि ड्रायव्हर गाडीतच.