पावसाळ्यात माशांचे पोषण पोत्यातच वाया जाऊ देऊ नका

पावसाळा लागला की मत्स्यपालकाचे सगळे लक्ष बांधाकडे, सांडव्याकडे आणि पाण्याबरोबर निसटणाऱ्या माशांकडे असते. ते योग्यच. पण याच दिवसांत खाद्याच्या खोलीतही नुकसान चालू असते आणि ते दिसायला काही आठवडे जातात. मासे खातात, पण वजन धरत नाहीत. काहींचा कणा वाकतो, परांच्या बुडाशी लाली येते. मग पाण्याला नावे ठेवली जातात, बीज खराब निघाले म्हटले जाते, तळ्यात औषधे पडतात. खोट मात्र बऱ्याचदा पोत्यात असते.

ही खोट ओळखायला शिकवण्यात जॉन हॅल्व्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाचा वाटा मोठा. त्यांच्या आधी सालमन-ट्राउट माशांच्या हॅचरीत, म्हणजे बीज तयार करण्याच्या केंद्रात, काळीज, प्लीहा, कत्तलखान्यातले उरलेसुरले मांस दिले जाई. त्यातून मासा जगे, पण त्याला नेमके काय लागते ते सांगता येत नसे. हॅल्व्हर यांनी शुद्ध घटकांचे खाद्य तयार केले: केसीन, जिलेटिन, डेक्स्ट्रिन, तेल, क्षार आणि मोजून घातलेली जीवनसत्त्वे. त्यातून एका वेळी एकच जीवनसत्त्व वगळायचे, बाकी सगळे तसेच ठेवायचे आणि माशांचे काय होते ते पाहायचे. चिनूक सालमनवरचे हे काम १९५७ साली प्रसिद्ध झाले. प्रथिने ज्यांची बनतात त्यांपैकी सालमनला खाद्यातूनच मिळावी लागणारी १० अमिनो आम्लेही त्याच वर्षी त्यांच्या गटाने मांडली. म्हणून पोत्यावरचा प्रथिनांचा टक्का पाहून खाद्य निवडणे अपुरे आहे. नुसत्या पेंडींनी तो टक्का गाठता येतो, पण लायसीन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले कमी पडली तर उरलेले प्रथिन मासा अंगाला लावू शकत नाही. त्याचा अमोनिया होऊन तो पाण्यात उतरतो.

पावसाळ्यात सर्वांत आधी जाते ते जीवनसत्त्व 'क'. बहुतेक मासे ते शरीरात तयार करू शकत नाहीत. हॅल्व्हर आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये कोहो सालमन आणि रेनबो ट्राउटवर दाखवले की ते मिळाले नाही तर कणा वाकडा होतो. जखमा भरत नाहीत ते वेगळेच. साधे अस्कॉर्बिक आम्ल खाद्य बनवताना उष्णतेने आणि नंतर दमट हवेत झपाट्याने नष्ट होते. फॉस्फेटच्या रूपातले जीवनसत्त्व 'क' बरेच टिकते. खाद्य घेताना त्यात कोणते रूप घातले आहे हे विक्रेत्याला विचारा आणि उत्पादनाची तारीख पाहूनच पोते उचला. मातीच्या तळ्यात कार्पला प्लवंगातून, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून, थोडीफार भरपाई मिळते. पिंजऱ्यात, टाकीत किंवा प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात ती जवळपास नसते, शिवाय सलग ढगाळ हवेत प्लवंगही कमी होते. अशा ठिकाणी शिळे खाद्य फार लवकर अंगाशी येते.

बुरशीचा धोका याहून मोठा. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांत रेनबो ट्राउटच्या यकृतात गाठींची साथ आली. शोध घेणाऱ्यांत हॅल्व्हरही होते. धागा जाऊन पोचला तो बुरशी लागलेल्या सरकी पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिनपर्यंत. ट्राउट या विषाला फार नाजूक. कार्प आणि तिलापिया त्या मानाने सोसतात. पण सोसणे म्हणजे वाढणे नव्हे. त्यांचीही वाढ खुंटते आणि रोगाला तोंड देण्याची ताकद घटते. पेंड उन्हात वाळवून, वरची बुरशी झटकून किंवा उकळून हे विष जात नाही. असे पोते टाकून द्या; दुसऱ्या जनावराच्या दावणीतही नको. कच्च्या माशांच्या खिम्याचे गणित मात्र उलटे आहे: अनेक जातींत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि ते शिजवल्याने निष्प्रभ होते. खिमा वापरणारच असाल तर शिजवून वापरा.

पोते उघडलेत की लगेच तळ्यावर नेऊ नका. हात कोपरापर्यंत आत घाला. मधला भाग बाहेरच्यापेक्षा उबदार लागला तर आत ओल आणि बुरशी काम करत आहे असे समजा. मूठभर दाणे काढून एक मोडा: कोरडा दाणा कट्कन तुटतो, ओल धरलेला बोटात दबतो. वासही घ्या. जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास आला म्हणजे माशाच्या तेलाचे ऑक्सिडीकरण झाले, आणि त्याबरोबर जीवनसत्त्व 'ई' देखील खर्ची पडले. तळाशी साचलेला भुगा चाळून वेगळा काढा. मोठे मासे तो खात नाहीत, तो नुसते पाणी बिघडवतो.

साठवणीला खर्च फारसा नाही. पोती लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर दूर रचा. वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुने पोते आधी संपवा. या हंगामात महिनाभराच्या गरजेपेक्षा जास्त खाद्य भरू नका, मग घाऊक खरेदीत सूट मिळत असली तरी.

आता किती द्यायचे. पाग (फेकायचे जाळे) टाकून मासे काढा, सरासरी वजन घ्या. १,००० मासे प्रत्येकी २०० ग्रॅमचे असतील तर एकूण २०० किलो; २ टक्क्यांनी दिवसाला ४ किलो. हा आकडा उघडिपीचा. खाल्लेले पचवायलाही माशाला ऑक्सिजन लागतो आणि ढगाळ रात्रीनंतर पहाटे तोच कमी असतो. म्हणून ऊन वर आल्यावर, मासे पाण्यावर तोंड काढत नाहीत ना हे पाहूनच खाद्य द्या. झड लागली तर निम्मे करा. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या वेळचे खाद्य बंदच ठेवा. एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने मोठे मासे मरत नाहीत. बुडणारे खाद्य असेल तर थोडे चेक ट्रेमध्ये, म्हणजे पाण्यात सोडायच्या तपासणीच्या ताटात, ठेवून दोन तासांनी बघा. उरले असेल तर पुढच्या वेळी तेवढे कमी टाका.

दर पंधरवड्याला मासे हाताळाल तेव्हा वजनाबरोबर आणखी दोन गोष्टी पाहा. मासा वरून पाहिला तर कणा सरळ आहे का, आणि कल्ल्याचे झाकण कल्ला पुरता झाकते का. बरेच मासे वाकडे किंवा आखूड झाकणाचे दिसले तर चालू खाद्य थांबवा, त्याचा किलोभर नमुना कोरड्या पिशवीत बंद करून ताज्या तारखेचे खाद्य सुरू करा, आणि नमुना मत्स्य तज्ज्ञाला दाखवा. वाकलेला कणा पुन्हा सरळ होत नाही. ते मासे वेगळे काढून आधी विकून टाकलेले बरे.