दारफाळणीच्या आदल्या दिवशी या चुका टाळा

किप्पुर, म्हणजे दारफाळणी, हा आम्हा बेने इस्रायल ज्यूंचा वर्षातला मोठा निर्जळी उपास. तो सुटला की पुरीचा पहिला घास तोंडात टाकता टाकता कुणी ना कुणी म्हणतंच, "मावशी, यंदा दुपारपासून डोकं नुसतं ठणकत होतं हो." मी विचारते, काल काय केलंस? उत्तर ठरलेलं. पाचपर्यंत ऑफिस, मग पळापळ, मग घाईघाईत भरपेट मटण. मग ठणकणारच की! उपास जमला की फसला, हे आदल्या दिवशी संध्याकाळीच ठरलेलं असतं.

सगळ्यात जुनी चूक तारखेची. आपला दिवस सूर्य मावळला की सुरू होतो, हे शाळकरी पोरंसुद्धा धडाधडा सांगतात, आणि मोठी झाली की कॅलेंडर बघून रजा टाकतात. २०२६ चंच घ्या. कॅलेंडरात किप्पुर २१ सप्टेंबरला, सोमवारी. पण दार लागणार, म्हणजे उपास सुरू होणार, रविवारी २० तारखेला, संध्याकाळी. म्हणजे धावपळीचा दिवस रविवार, सोमवार नव्हे.

माझा भाचा पुण्याला नोकरीला. एका वर्षी हा बाबा संध्याकाळी सात वाजता ठाण्यात उतरला, हातात बिर्याणीचं पार्सल. "आज दाबून जेवू, उद्या उपास" असा बेत. घराला कुलूप, कारण आम्ही सगळे कोल निद्रेला, किप्पुरच्या पहिल्या प्रार्थनेला. आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचं. तेव्हापासून कोल निद्रे सूर्य मावळायच्या आत सुरू होते, कुणाच्या बसची वाट बघत नाही. हा दारात पोचला तेव्हा आत पांढऱ्या कपड्यांत सगळे उभे आणि याच्या हातातली पिशवी घमघमतेय. पार्सल गेलं वॉचमनकडे. भाच्याच्या पोटात दुपारी बारा वाजता खाल्लेला एक वडापाव. आमचा उपास पंचवीस तासांचा, त्याचा एकतीस तासांचा झाला. आता तो आदल्या रात्रीच येतो आणि नारळ खवायला बसतो.

दुसरी चूक जेवणाची, आणि ही मीही केलेली आहे. आमच्या तिश्री महिन्याच्या नवमीला, म्हणजे किप्पुरच्या आदल्या दिवशी, जेवणं हेही पुण्यच. तालमूद या आमच्या धर्मग्रंथात म्हटलंय की जो नवमीला खातोपितो, त्याने नवमी-दशमी दोन्ही दिवस उपास केल्यासारखं. हे वाक्य आमच्या पुरुषमंडळींना तोंडपाठ आहे. पण त्यात लोणचं, पापड, सुकी मासळी खा असं कुठे म्हटलंय? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सासरी छाप पाडायला म्हणून खारवलेल्या मासळीचं कालवण केलं होतं. सगळ्यांनी मागून मागून खाल्लं. रात्री दहाला सासरे उठून माठाकडे गेले, झाकणावर हात ठेवून दोन मिनिटं उभे राहिले आणि परत येऊन झोपले. एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझीही जीभ टाळूला चिकटली होती.

तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. नारळाच्या दुधातला कोंबडीचा पातळ रस्सा, मीठ नेहमीच्या निम्मं, तिखट नावाला, सोबत मऊ भात आणि उकडलेला बटाटा. साडेपाचला ताटं उचललेली. पाणी सकाळपासून थोडं थोडं. शेवटच्या पाच मिनिटांत दोन तांबे रिचवून काही होत नाही, फक्त प्रार्थनेतून चारदा उठावं लागतं. चहाबाजांनी आठवडाभर आधी रोज अर्धा कप कमी करावा. ती डोकेदुखी भुकेची नसते, चहाची असते.

आता उपासभर घरात जळणारी वात. काचेच्या पेल्यात तळाला पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. पेला भरलेला दिसावा म्हणून लोक पाणीच जास्त ओततात. तेल संपून वात पाण्याला टेकली की चर्र करून विझते, बहुतेक पहाटे तीनला, आणि किप्पुरात आग पेटवायची नाही, मग कुणी काडी ओढायची? सण सुटताना हवदाला या निरोपाच्या विधीला दिवसभर जळलेल्या ज्योतीवरूनच दिवा लावायचा असतो, म्हणून ती टिकायला हवी. आठवडाभर आधी तोच पेला, तीच वात लावून किती तास चालते ते बघा. मी पाणी बोटभर घालते, बाकी तेल.

अंघोळ वात लावायच्या आधी. फोन बंद, त्यातला सकाळचा गजरही बंद. बाथरूमचा दिवा चालू ठेवून बटणावर चिकटपट्टी लावा, हात सवयीने जातोच. नव्या पांढऱ्या कुर्त्याखाली कोल्हापुरी घालून येणाऱ्यांना काय सांगावं? ती चामड्याची असते, राजा, आणि किप्पुरात पायात चामडं चालत नाही. रबरी स्लिपर घाल.

गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा, प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांशीही बोला. जिवाला धोका असेल तर खायचं, असं धर्मच सांगतो. तिथे हट्ट करून चक्कर येऊन पडणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

राहता राहिली माफी. हल्ली दुपारी चारला ग्रुपवर हात जोडलेलं चित्र येतं, "कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमस्व", खाली दीडशे अंगठे. मिश्ना या आमच्या जुन्या नियमग्रंथात, किप्पुरवरच्या योमा या भागाच्या शेवटी, स्वच्छ लिहिलंय की माणसाचा माणसाशी केलेला गुन्हा किप्पुरनेही फिटत नाही, आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते. आणि ज्याची खरोखर माफी मागायची असते, तो नेमका त्या ग्रुपमध्ये नसतो. माझी आणि धाकट्या जावेची सात वर्षं बोलाचाली नव्हती, कारण एक तांब्याचं घंगाळ. फोन केला तो नवमीच्या सकाळी, नऊ वाजता. संध्याकाळवर ढकलला असता तर मी नक्की वेळ नाही म्हटलं असतं. ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "घंगाळ गळतंय गं आता. तूच घेऊन जा."