नासाला सेफ्टी रिपोर्ट पाठवताना या चुका टाळा

१ डिसेंबर १९७४ला टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ५१४ हे विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं आणि ९२ जण गेले. अ‍ॅप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी विमानतळाकडे येण्याची, परवानगी मिळाली म्हणजे खाली यायला हरकत नाही, असं वैमानिकांनी धरलं होतं. सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान याच गैरसमजातून थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं; इतर कंपन्यांना पत्ताच नव्हता. १९७६ साली एएसआरएस, म्हणजे उड्डाणातल्या चुका आणि धोके स्वतःहून कळवायची अमेरिकी योजना, सुरू झाली ती यातूनच. पैसा एफएएचा, म्हणजे नियम मोडल्यास दंड करणाऱ्या तिथल्या विमान नियामकाचा, पण रिपोर्ट जातात नासाकडे. दंड करणाऱ्याच्या हाती कबुली कोण देईल?

फ्लोरिडा-टेक्सासात उड्डाण शिकणारी आपली मुलंही हा फॉर्म भरू शकतात. चूक वेळेत कळवली तर शिक्षेत सवलत मिळते, म्हणून बहुतेक जण तो स्वतःला वाचवायला भरतात, आणि घोळ तिथेच होतो.

सर्वात वाया जातो तो दोन ओळींचा रिपोर्ट. समजा, जंप प्लेनमधून स्कायडायव्हर ढगात उतरले. ‘ढगांपासून ठरलेलं अंतर राहिलं नाही’ एवढ्याने कुणाला काय कळणार? आधीच्या फेरीला आकाश मोकळं होतं, म्हणून पुन्हा खाली पाहिलं नाही. उडीसाठी हिरवा दिवा लावताना एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रकांशी) बोलणं चालू होतं. उशीर झाला म्हणून घाई होती, हे लिहा. पुढच्या पायलटला उपयोग त्याचाच.

मुदत १० दिवसांची. ‘एफएएचं पत्र आलं तर बघू’ म्हणत थांबलात तर सवलत हातची जाते. शिवाय माफ होतो तो दंड किंवा परवान्याचं निलंबन; नियम मोडल्याची नोंद होऊ शकते. मुद्दाम केलेल्या गोष्टीला किंवा गुन्ह्याला सवलत नाही. अपघात तर या फॉर्मवर लिहूच नका. तिथे नाव गुप्त राहत नाही. अपघात एनटीएसबीला, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाला, कळवायचा.

वेळेचा शिक्का मारून परत येणारी ओळखपट्टी जपून ठेवा. नासा तुमचं नाव स्वतःकडे ठेवत नाही, त्यामुळे रिपोर्ट दिल्याचा पुरावा तीच.

स्कायडायव्हरांच्या पॅराशूट असोसिएशनला कळवलं की झालं, हाही गैरसमजच. तो रिपोर्ट वेगळा. आणि ढगाच्या नियमात पायलट आणि उडी मारणारा दोघेही अडकतात, तेव्हा ज्याने त्याने आपापला फॉर्म भरायचा.