साखर वाढलेली, मन बसलेलं: या चुका टाळा

डिचोलीच्या माझ्या मावशीने भजनाला जाणं सोडलं, तेव्हा घरातले सगळे म्हणाले, "वय झालं, त्यात मधुमेह. चालायचंच." पहिली चूक हीच. पुढ्यातली पेज निवून जायची, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी तशीच बंद. आम्ही मात्र "साखर किती?" एवढंच विचारत राहिलो.

मधुमेह असलेल्यांत नैराश्य साधारण दुपटीने आढळतं. आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं देशातलं सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात होतं, २६.४ टक्के.

दुसरी चूक म्हणजे "मन खंबीर कर" असं सांगणं. हे मनाच्या दुबळेपणाचं काम नाही. ताण, उदासी लांबली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं. ते यकृताला जास्त साखर करायला लावतं आणि इन्सुलिनचा असर कमी करतं. उलट्या बाजूनेही तेच घडतं. टाईप २ मधुमेहात अंगात बारीक दाह धुमसत असतो, त्यातली रसायनं मेंदूपर्यंत परिणाम करतात. ज्या ट्रिप्टोफॅन या अन्नातल्या घटकापासून सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनतं, ते मग जास्तच दुसऱ्या वाटेला वळतं, असं मानलं जातं. भूक, झोप, उमेद सगळंच बिघडतं.

प्रत्येक थकवा नैराश्याच्या खाती टाकू नका. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, थायरॉईडही. अचानक घाम, थरथर, धडधड झाली तर "घाबरलीय" म्हणण्याआधी साखर बघा. ती उतरलेली असू शकते.

नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. आठवड्याने "काही फरक नाही" म्हणून त्या परस्पर बंद करू नका. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा.

बांबोळीला मानसोपचाराला नेलं तर लोक काय म्हणतील, या भीतीने आम्ही चार महिने घालवले. त्याची मला आजही खंत आहे. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत संगाथ संस्थेने केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांच्या सहा-आठ भेटींनीही तीव्र नैराश्य कमी झालं होतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. "जगणं नको" असं कोणी बोललं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

मावशीला समुपदेशक बाईंनी पहिलं काम दिलं ते एवढंच: मंगळवारी देवळापर्यंत चालत जायचं. भजनाला बसायचं नाही, नुसतं जाऊन यायचं.