जॅझमधील आवडती ध्वनिमुद्रणे: ऐकवावीत कशी आणि वाद घालावा कसा

जॅझच्या दोन जाणत्या श्रोत्यांमध्ये वाद रंगतो, तेव्हा पुष्कळदा ते दोघे एकाच वादनाविषयी बोलत नसतात. म्हणून आवडते ध्वनिमुद्रण दुसऱ्यापुढे ठेवताना रचनेचे नाव सांगून थांबू नये. ते कोणी, कोणत्या दिवशी, कोणाच्या साथीने वाजवले आणि आपण म्हणतो तो टेक (एका वेळचे मुद्रण) कोणता, हे आधी स्पष्ट करावे. ‘बॉडी अँड सोल’ हे गाणे असंख्य वादकांनी वाजवले आहे, परंतु कोलमन हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी टेनर सॅक्सोफोनवर जे वाजवले, त्यात मूळ चाल सुरुवातीला जेमतेम डोकावते आणि उरलेला सारा वेळ ते कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, आधाराने स्वतःची नवीच चाल विणत जातात. जेमतेम तीन मिनिटांच्या त्या तबकडीवर बोलायचे असेल, तर तीच तबकडी समोर हवी. दुसऱ्या कोणाचे ‘बॉडी अँड सोल’ तेथे कामाचे नाही.

तारखेइतकीच आवृत्तीही महत्त्वाची असते, हे मी फजिती होऊन शिकलो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीमधील पहिली रचना लावून एक मित्र पियानोवर साथ करू पाहत होता. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीशी त्याचा पियानो काही केल्या जुळेना, आणि पियानो उतरला आहे की त्याचा कान, यावर आमची अर्धी संध्याकाळ गेली. दोष दोन्हींचा नव्हता. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालले होते, त्यामुळे नेहमीच्या वेगाने लावल्यावर ते संगीत थोडे चढ्या स्वरात ऐकू येत असे. त्या सत्रातील तीन रचना, म्हणजे मूळ एलपीची संपूर्ण पहिली बाजू, १९९२ मध्ये दुसऱ्या यंत्रावरील टेप वापरून दुरुस्त करण्यात आली. एखाद्याला तीच रचना अधिक ताठ आणि दुसऱ्याला अधिक सैल वाटत असेल, तर आवडनिवडीवर जाण्यापूर्वी दोघांनी आपापली आवृत्ती तपासावी.

वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांच्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातील कार्यक्रमाच्या बाबतीत तर ही तपासणी केल्याशिवाय तोंडच उघडू नये. ७ जुलै १९५६ च्या त्या रात्री त्यांच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तने वाजवली आणि श्रोते अक्षरशः जागेवरून उठले. पण ते वाजवत होते ते रेकॉर्ड कंपनीच्या नव्हे, तर व्हॉइस ऑफ अमेरिका या नभोवाणीच्या मायक्रोफोनमध्ये. त्यामुळे मूळ एलपीवर त्यांचा सॅक्सोफोन लांबून आल्यासारखा भासतो. शिवाय त्या एलपीतील बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता. कंपनीची आणि नभोवाणीची अशा दोन्ही टेप एकत्र करून प्रत्यक्ष कार्यक्रम प्रसिद्ध झाला तो १९९९ मध्ये. गोन्साल्व्हिस यांचे वादन क्षीण आहे, असे कोणी म्हणाले, तर त्याने कोणती तबकडी ऐकली आहे, हा पहिला प्रश्न असावा.

आता ऐकवण्याविषयी. एका वेळी एकच ध्वनिमुद्रण द्यावे. चाळीस नावांची यादी पाठवणारा माणूस आपले प्रेम सिद्ध करतो, पण समोरच्याला ऐकण्याची संधी देत नाही. पहिल्या ऐकण्यात काहीही सांगू नये. “आता बघ हं, येथे काय होते ते” असे म्हणून वाजत्या संगीतावर बोट ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा, कारण त्यामुळे समोरचा आपल्या कानाने ऐकायचे सोडून आपल्याला काय ऐकू येते ते शोधू लागतो. दुसऱ्या ऐकण्यात मात्र मिनिट आणि सेकंद सांगून नेमकी जागा दाखवावी.

पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीची २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमध्ये मुद्रित झालेली वादने यासाठी फार चांगली आहेत. पहिल्यांदा कान पियानोकडेच जातो. दुसऱ्यांदा फक्त स्कॉट लफॅरो यांच्या बेसवर लक्ष ठेवायला सांगावे, म्हणजे बेस येथे केवळ ठेका धरत नसून पियानोच्या वाक्याला उत्तरे देत आहे, मध्येच त्याचे बोलणे तोडतही आहे, हे उमगते. पाठीमागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज चालूच असते. लफॅरो त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात गेले, ही गोष्ट शक्यतो दोन्ही वेळा ऐकून झाल्यावर सांगावी. आधी सांगितली, तर प्रत्येक सूर निरोपाचा वाटू लागतो, आणि त्या संध्याकाळी तिघांपैकी कोणीही निरोप घेत नव्हते.

वाद सुरू झाला, की आपण कशाला मोल देतो, हे उघड सांगावे. गायिका बिली हॉलिडे यांच्या ‘लेडी इन सॅटिन’ या एलपीवरचा वाद याच कारणाने मिटत नाही. १९५८ च्या त्या ध्वनिमुद्रणात आवाज खरखरीत झाला आहे आणि १९३७ मध्ये लेस्टर यंग यांच्या सॅक्सोफोनसोबत गाताना होता तो हलकेपणा उरलेला नाही, हे दोन्ही पक्षांना सारखेच ऐकू येते. एकाला आवाजाची पडझड सहन होत नाही. दुसऱ्याला प्रत्येक शब्द तोलून उच्चारलेला ऐकू येतो. मी दुसऱ्या पक्षात आहे, परंतु तंतुवाद्यांचा मोठा ताफा त्या गाण्याला जड करतो हे मला पहिल्या पक्षातल्या एका श्रोत्याने दाखवून दिले, आणि ते मान्य केल्यावर माझेच म्हणणे अधिक नेमके झाले.

कलाकाराचे स्वतःचे मत आधाराला घ्यावे, पण त्याने वाद संपला असे समजू नये. तज्ज्ञांची नावे पुढे करण्याबाबत तर मी कडक आहे: जे आपण स्वतः ऐकलेले नाही, ते दुसऱ्याच्या तोंडून मांडू नये.

शेवटी, ज्यावर एकमत होणे कठीण अशी एखादी जागा निवडून तिच्यावर पुन्हा पुन्हा यावे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या मे १९५९ मधील ‘जायंट स्टेप्स’मध्ये टॉमी फ्लॅनगन यांचा पियानो सोलो (एकट्याचे वादन) अशीच जागा आहे. तीन स्वरकेंद्रांमध्ये, म्हणजे तीन वेगवेगळ्या आधारस्वरांमध्ये, भरधाव फिरणाऱ्या कॉर्डवर ते अडखळतात, वाक्ये तुटतात आणि अखेरीस नुसते कॉर्डच उरतात. काहींना ही हार वाटते; मला ती रचना किती नवी होती, याची सर्वांत प्रामाणिक नोंद वाटते. फ्लॅनगन यांनी १९८२ मध्ये आपल्या त्रयीसह ती रचना पुन्हा मुद्रित केली. पुढच्या भेटीत दोन्ही सोलो एकामागून एक लावावेत, आणि दुसरा संपेपर्यंत कोणी काही बोलू नये.