रेस खाली येत नाही? थ्रॉटल बॉडी उघडण्याआधी

पेडल सोडूनही रेस उतरत नसेल तर थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, उघडून साफ करतात. सगळ्यात आधी तिचं नवं गॅस्केट, म्हणजे जोडातून हवा गळू नये म्हणून मध्ये बसणारं रबर, आणून ठेवा. पाने, चिंध्या, स्प्रे नंतर. रविवारी गाडी उघडायची आणि गॅस्केट सोमवारी शोधायचं, असं चालणार नाही. आपल्याच मॉडेलचं, इंजिनचं आणि सालाचं हवं. दुकानात आरसी दाखवून घ्या.

आता उघडायची गरज आहे का ते बघा. क्लच दाबून ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस क्षणभर वर राहून मग उतरते, हे बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत कंपनीनेच ठेवलेलं असतं. थ्रॉटल एकदम मिटला तर जळण अर्धवट होतं आणि धुरातलं प्रदूषण वाढतं, म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) तो हळू मिटवतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत पहिल्या दिवसापासून असंच असेल, तर साफसफाईने ते जाणार नाही. पण पूर्वी नव्हतं आणि आता होतंय, गाडी पूर्ण तापलेली, एसी बंद, न्यूट्रलमध्ये ३००० आरपीएमपर्यंत नेऊन सोडली तरी काटा मध्येच अडकून बसतो, तर शोध घ्यायला हवा. पायाखालची मॅट पेडलला लागत नाही ना? जुन्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल मोकळी फिरते का? ब्रेक बूस्टरचा (ब्रेक हलका करणारा डबा) आणि पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी झडप) होज बोटांनी चाचपा. चिरलेला सापडला तर आधी तो बदला, बाकी काही उघडू नका.

इंजिन थंड. किल्ली खिशात. बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. सुटे करायच्या आधी सॉकेट आणि होजचे फोटो. स्प्रे थेट मारू नका, धागे न सुटणाऱ्या कापडावर मारून पुसा. पातळ द्रव झडपेच्या मोटरमध्ये आणि सेन्सरमध्ये उतरतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप जोर लावून ढकलू नका, आतले बारीक गिअर तुटले की अख्खं युनिट बदलावं लागतं.

गॅस्केट आणलंत ना? जुनं दिसायला चांगलंच दिसतं, हीच फसगत आहे. दाबून चपटं झालेलं रबर दुसऱ्यांदा नीट बसत नाही. तिथून थ्रॉटलला चुकवून हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणारे नळे) शिरते आणि रेस आधीपेक्षा जास्त लटकते. मग लोक स्प्रेला दोष देतात, चांगला सेन्सर बदलतात, पैसे घालवतात. सिलिकॉनची ट्यूब फासू नका, तिचे तुकडे आत ओढले जातात. नवंच गॅस्केट, आणि तेही हातात आल्यावरच पहिला बोल्ट सैल करायचा.

बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते माप, मॅन्युअलमध्ये असतो. मग होजचे क्लॅम्प, सॉकेट, बॅटरी परत जोडा. एसी बंद ठेवून, पेडलला हात न लावता, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत गाडी चालू ठेवा. सुरुवातीला स्लो (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) थोडा चढा राहू शकतो. काही मॉडेलना स्कॅनरने री-लर्न द्यावं लागतं, म्हणजे झडपेची जागा ईसीयूला नव्याने शिकवावी लागते. एक चक्कर मारा, चेक इंजिनचा दिवा लागला तर बिघाडाचा कोड स्कॅनरने वाचून घ्या.