राणीखेतच्या एचआय चाचणीचे टायटर पटत नसेल, तर

कोंबड्यांमधील राणीखेत, म्हणजेच मानमोडी रोगाविरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी मोजण्यासाठी एचआय (हिमॅग्लुटिनेशन इन्हिबिशन) चाचणी केली जाते; विषाणूमुळे होणारे तांबड्या पेशींचे समूहन, म्हणजे एकमेकींना चिकटणे, प्रतिपिंडे किती रोखतात ते तीत दिसते. टायटर, म्हणजे परिणाम दिसतो ती रक्तजलाची (सीरमची) सर्वात पातळ पायरी, अपेक्षेपेक्षा कमी आले की पहिला ठपका लसीवर येतो. पक्ष्यांचे रक्त पुन्हा काढण्यापूर्वी मात्र प्लेटवरील कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले, निकाल आधीच माहीत असलेले नमुने) पाहावेत, कारण सगळेच नमुने एका पायरीने (दुपटीने किंवा निम्म्याने) सरकले असतील, तर दोष बहुधा रक्तजलात नसून प्रतिजनात (चाचणीत घातलेल्या विषाणूत) असतो.

चाचणीत 25 मायक्रोलिटरमध्ये 4 एचए (हिमॅग्लुटिनेशन, म्हणजे समूहन घडवण्याच्या क्षमतेची) एकके प्रतिजन लागते. त्याऐवजी 8 एकके पडली, तर ती निष्प्रभ करण्यात दुप्पट प्रतिपिंडे खर्ची पडतात आणि 1:64 चा नमुना 1:32 दिसतो. म्हणून पातळ केलेले प्रतिजन त्याच दिवशी उलट तपासून घ्यावे: 4, 2 आणि 1 एककाला पेशींचे पूर्ण समूहन व्हावे, अर्ध्या एककाला होऊ नये. बाटलीवर लिहिलेल्या जुन्या आकड्यावर विसंबण्यात वेळ वाचत नाही, प्लेट मात्र वाया जाते.

तांबड्या पेशी किमान तीन प्रतिपिंडमुक्त कोंबड्यांच्या एकत्रित रक्तातून घेऊन बफरने तीनदा धुवाव्यात. शेवटच्या धुण्याचे पाणी गुलाबी दिसले, तर पेशी फुटत आहेत असे समजून त्या टाकून द्याव्यात. 1 टक्क्याऐवजी मिश्रण दाट झाले तर एचए टायटर कमी दिसते, तेव्हा प्रतिजनाची एकके मोजणे आणि प्रत्यक्ष एचआय या दोन्ही टप्प्यांना एकाच तयारीच्या पेशी वापराव्यात.

वाचन करताना प्लेट तिरपी धरावी आणि तळाशी बसलेल्या पेशींचे बटण (ठिपका) अश्रूसारखे ओघळते का, तेही केवळ पेशी असलेल्या कंट्रोल वेलच्या (प्लेटवरील खळग्याच्या) वेगानेच ओघळते का, हे पाहावे; तसे असेल तरच समूहन रोखले गेले असे समजावे. विदर्भातल्या उन्हाळ्यात येथेच घोळ होतो: विषाणूतील न्युरामिनिडेज विकरामुळे समूहन सुटते, पेशी तळाशी बसतात आणि टायटर खोटेच वाढते. सुमारे 20 अंश सेल्सियसला पेशी बसायला 40 मिनिटे पुरतात. खोली तापलेली असल्यास प्लेट 4 अंशांवर 60 मिनिटे ठेवावी.

इतर पक्ष्यांचे रक्तजल कधीकधी स्वतःच कोंबडीच्या पेशींचे समूहन करते. प्रतिजनाविना ठेवलेल्या वेलमध्ये तसे आढळल्यास अर्धा मिलिलिटर रक्तजलात 25 मायक्रोलिटर घट्ट पेशी अर्धा तास मिसळून ठेवाव्यात व सेंट्रिफ्यूज करून काढाव्यात.

पॉझिटिव्ह कंट्रोल ठरलेल्या टायटरच्या एका पायरीच्या आत आणि निगेटिव्ह 1:4 पेक्षा वर नसेल, तरच अहवाल द्यावा. एवढे जुळूनही एकाच शेडमधील टायटर फार विखुरलेले दिसले, तर पिण्याच्या पाण्यातून दिलेली लस सर्व पक्ष्यांना सारखी मिळाली का आणि त्या पाण्यात क्लोरीन होते का, याची चौकशी करावी.